चित्र, पोस्टर आणि जुनी गाडी: कात्रणं कामाला यावीत म्हणून

डिझाइनचं काम करणाऱ्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर ‘इन्स्पिरेशन’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात हजारभर चित्रं पडून असतात आणि ऐन कामाच्या वेळी हवं ते एकही सापडत नाही. सापडलंच तर ते कोणाचं, कधीचं, कुठून उचललं याचा पत्ता नसतो. चित्र ठेवताना ‘छान आहे’ एवढंच मनात असतं, आणि तेवढ्यावर पुढे काही शोधता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्रासोबत दोन गोष्टी हव्यातच. एक, ते काय आहे याची नोंद. दोन, त्यातलं नेमकं काय घेण्यासारखं आहे याची एक ओळ. ही दुसरी ओळ सुचत नसेल तर चित्र ठेवूच नये, इतपत कडक राहिलेलं बरं.

आधुनिक चित्रकला, ग्राफिक डिझाइन आणि जुन्या गाड्या यांची तीन वेगळी फोल्डरं करणारे पुष्कळ आहेत. मला ती पद्धत पटत नाही. या तिन्हींमधली देवाणघेवाण इतकी उघड आहे की वेगळं ठेवलं तर निम्मा फायदा जातो. सगळ्यात सोपं उदाहरण बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार्सचं, म्हणजे नामवंत कलावंतांनी रंगवलेल्या गाड्यांचं. एर्व्हे पुलँ हा फ्रेंच लिलावकार स्वतः शर्यतीत गाडी चालवायचा. त्याच्या पुढाकाराने १९७५ साली अलेक्झांडर काल्डरने बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल रंगवली आणि ती गाडी त्याच वर्षी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. १९७६ मध्ये फ्रँक स्टेला, १९७७ मध्ये रॉय लिक्टेनस्टाइन (गाडी ३२० टर्बो), १९७९ मध्ये अँडी वॉरहॉल (गाडी एम१). वॉरहॉलने गाडीवर स्वतःच्या हाताने थेट रंग फासला आणि काम अर्ध्या तासाच्या आत संपवलं. त्याच्या आधीच्यांनी १:५ मापाच्या मॉडेलवर रचना केली आणि ती नंतर खऱ्या गाडीवर उतरवली गेली.

आता स्टेलाची गाडी संग्रहात घ्यायची तर कोणतं चित्र घ्याल? शोधलं की पहिल्यांदा मिळतो तो स्टुडिओतला पाऊण कोनातला (पुढचं तोंड आणि एक बाजू एकत्र दाखवणारा) चकचकीत फोटो. तो दिसायला झकास, पण शिकायला अपुरा. स्टेलाने पांढऱ्या गाडीवर आलेखाच्या कागदासारखी काळी जाळी टाकली आहे आणि तिच्यावर जाड, वळणदार, तुटक रेषा. शिंप्याच्या कागदी नमुन्यावर कापायच्या खुणा असतात ना, तशा. जाळीतली रेषा सपाट दारावर सरळ जाते, चाकावरच्या फुगवट्यावर आली की वाकते. पत्र्याचा आकार डोळ्याला समजतो तो या वाकण्यामुळे. म्हणून या एका गाडीची चार चित्रं घ्यावीत: बरोबर बाजूने घेतलेलं एक, मागच्या चाकाच्या फुगवट्याचं जवळून एक, १:५ मॉडेलचं मिळालं तर एक, आणि शर्यतीच्या दिवसाचं एक. शेवटच्या चित्रात धूळ असते, नंबर असतो, शेजारी दुसऱ्या गाड्या असतात. त्या गर्दीत ही काळी-पांढरी गाडी कशी उठून दिसते ते स्टुडिओतल्या फोटोत कळत नाही. सोबतची ओळ अशी लिहायची: ‘सपाट जाळी फुगीर पृष्ठभागावर टाकली की आकार आपोआप दिसतो.’ ही ओळ उद्या पुठ्ठ्याच्या डब्याच्या पॅकेजिंगला कामाला येईल, कापडाच्या छपाईला येईल. गाडी हे निमित्त.

लिक्टेनस्टाइनच्या गाडीला एक तांत्रिक कटकट आहे. तिच्यावर त्याच्या चित्रांत नेहमी असणारे, छपाईतल्यासारखे ठिपके आहेत. लहान केलेल्या चित्रात हे ठिपके स्क्रीनच्या पिक्सेलशी भिडतात आणि मूळ चित्रात नसलेले पट्टे दिसायला लागतात. ठिपक्यांचं किंवा बारीक रेघांचं काहीही असेल तर ते १०० टक्के झूमवर पाहूनच मत बनवावं, आणि लहान प्रतीवरून ठेवू-टाकू ठरवू नये.

पूर्ण पान, पूर्ण मालिका, खरं माप

फोक्सवॅगन बीटलची ‘थिंक स्मॉल’ ही जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली असते. डॉइल डेन बर्नबाख ही एजन्सी, हेल्मुट क्रोन हा आर्ट डायरेक्टर, मजकूर ज्युलियन कोनिगचा, साल १९५९. पण इंटरनेटवर तिच्या ज्या प्रती फिरतात त्यांतल्या पुष्कळशा कापलेल्या आहेत. कोणीतरी ‘फालतू’ पांढरी जागा छाटून गाडी मोठी केलेली असते. त्या जाहिरातीत पानाचा वरचा मोठा भाग जवळजवळ रिकामा आहे, गाडी वर डावीकडे चिमुकली, आणि खाली फ्युचरा टाइपातला मथळा व तीन स्तंभांत मजकूर. रिकामी जागा कापली की जाहिरातच गेली. छापील कामाचं चित्र घेताना पानाच्या चारही कडा दिसतात का हे आधी पाहावं. कडा दिसत नसतील तर नोंदीत ‘कापलेलं’ असं लिहावं, म्हणजे पुढे त्यावरून समासाची मापं काढायचा मोह होणार नाही.

मालिकेचंही तेच. फ्रेंच पोस्टरकार कसाँद्रचं १९३२ सालचं द्युबोने या मद्याचं पोस्टर तीन भागांत आहे. पहिल्यात माणूस पेल्याकडे बघतो, दुसऱ्यात पितो, तिसऱ्यात पुन्हा भरून घेतो. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या अंगात रंग भरत जातो आणि खालचं नावही ‘द्युबो’, ‘द्युबों’, ‘द्युबोने’ असं पुरं होत जातं. धावत्या वाहनातून एकामागून एक दिसावं अशी ही रचना. अनेक संग्रहांत फक्त तिसरा भाग सापडतो, आणि मग ते एक बरं पोस्टर एवढंच उरतं.

माप न लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी आळशी सवय. स्क्रीनवर मीटरभर उंचीचं पोस्टर, तळहाताएवढं काडेपेटीचं लेबल आणि भिंतभर कॅनव्हास हे सगळे सारखेच सहा इंचांचे होतात. मग पोस्टरवरची जाड रेघ बघून तीच जाडी कोणी व्हिजिटिंग कार्डावर आणतं आणि कार्ड ओरडायला लागतं. उंची गुणिले रुंदी सेंटिमीटरमध्ये, उंची आधी, हा संग्रहालयांचा शिरस्ता आहे; तोच पाळावा.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांच्या बाबतीत तर मापाशिवाय गत्यंतर नाही. त्यांची बहुतेक चित्रं शीर्षकहीन आहेत. ‘गायतोंडे-शीर्षकहीन’ नावाच्या दहा फाइल्स झाल्या की त्या एकमेकींवर चढतात किंवा एक, दोन, तीन असे निरर्थक आकडे लागतात. वर्ष, माध्यम, माप आणि मिळाला तर संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, या चार गोष्टींनीच ती चित्रं वेगळी ओळखू येतात. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन झालं, तेव्हापासून त्यांच्या बऱ्या प्रतिमा सहज मिळायला लागल्या. तरी एकाच चित्राचा पिवळा पाच ठिकाणी पाच प्रकारचा दिसतो. यातला खरा कोणता हे घरी बसून ठरत नाही. ज्या संस्थेकडे मूळ चित्र आहे तिची प्रत प्रमाण धरायची, लिलावघराची दुसऱ्या नंबरला, बाकीच्या टाकून द्यायच्या. आणि अशा चित्रातून रंग उचलून ‘गायतोंडे पॅलेट’ वगैरे बनवू नये. त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवले-उतरवले आहेत. तिथे जे घ्यायचं ते थरांमधून येणारा उजेड, एखादा रंगाचा कोड नव्हे.

चित्रं कुठून आणायची

पिंटरेस्ट वाईट नाही, पण ते ठेवण्याची जागा नाही. तिथे चित्राची रुंदी बहुधा ७३६ पिक्सेलवर अडकते, मूळ पानाचा दुवा कधी तुटेल सांगता येत नाही, आणि एकदा तुम्ही केशरी पट्ट्याची गाडी जपून ठेवली की महिनाभर केशरी पट्ट्यांच्याच गाड्या येत राहतात. सुगावा तिथे लावावा, चित्र मात्र मूळ ठिकाणाहून आणावं. टिनआय या उलट्या शोधाच्या साइटवर (चित्र द्यायचं आणि ते कुठे कुठे आहे ते शोधायचं) निकाल ‘सर्वांत मोठं’ आणि ‘सर्वांत जुनं’ असे लावता येतात. मोठ्यावरून चांगली प्रत मिळते, जुन्यावरून मूळ स्रोताचा माग लागतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये हक्कमुक्त (कॉपीराइट नसलेल्या) कलाकृतींच्या प्रतिमा पूर्ण मोकळ्या केल्या, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये, स्मिथसोनियनने २०२० मध्ये. आधुनिक कलेसाठी मात्र हा खजिना तोकडा पडतो, कारण विसाव्या शतकातल्या बऱ्याच कलावंतांचे हक्क अजून शाबूत आहेत. मॉन्ड्रियान, कांडिन्स्की, लिसित्स्की यांचं काही मिळेल; काल्डर, वॉरहॉलचं नाही.

शिकागोच्या साइटवर एक उपयोगी युक्ती आहे. तिथल्या प्रतिमा ट्रिपल-आय-एफ या सामायिक पद्धतीने दिल्या जातात. प्रतिमेच्या पत्त्याच्या शेपटीत चार तुकडे असतात: चित्राचा कोणता भाग (‘फुल’ म्हणजे सगळं), रुंदी, फिरवण्याचा कोन आणि दर्जा. रुंदीच्या जागी साधारणतः ८४३ आणि पुढे स्वल्पविराम असतो. हक्कमुक्त चित्र असेल तर तिथे १६८६ घातलं की दुप्पट रुंदीची प्रत येते. ‘फुल’च्या जागी डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची असे चार आकडे स्वल्पविराम देऊन घातले की फक्त तेवढाच तुकडा मिळतो. कुंचल्याचा फटका जवळून पाहायचा असेल तर हे स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी चांगलं. स्वल्पविराम विसरला की पान चूक दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९२९ पासूनच्या आपल्या प्रदर्शनांची कागदपत्रं ऑनलाइन ठेवली आहेत. त्यात १९५१ चं ‘एट ऑटोमोबाइल्स’ आहे. कलासंग्रहालयाने गाड्या कलावस्तू म्हणून मांडल्याचं ते गाजलेलं उदाहरण, आणि त्यात इटलीच्या सिसितालिया २०२ बरोबर साधी लष्करी जीपही होती. गाड्या कशा कोनात उभ्या केल्या होत्या, मागे भिंत कशी होती, हे दालनाच्या फोटोंत दिसतं. प्रदर्शन-रचना करणाऱ्यांनी ते आवर्जून पाहावं. स्विस पोस्टरसाठी झुरिकच्या डिझाइन संग्रहालयाची ऑनलाइन यादी चांगली. योझेफ म्युलर-ब्रॉकमनने स्विस ऑटोमोबाइल क्लबसाठी १९५३ मध्ये केलेलं मुलांच्या सुरक्षिततेचं पोस्टर तिथून घ्या: अंगावर येणारं मोटरसायकलचं चाक आणि पळणारं लहानगं पोर. छायाचित्रात आकाराचा फरक किती ताणता येतो ते त्यात बघावं. भारतीय संग्रहालयांसाठी ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे सरकारी पोर्टल आहे, त्यामागची ‘जतन’ प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने बनवलेली. प्रतिमांपेक्षा तिथल्या नोंदी जास्त उपयोगी पडतात.

गेल्या काही वर्षांत एक नवी डोकेदुखी आली आहे ती एआयने बनवलेल्या जुन्या गाड्यांची. कधी अस्तित्वातच नसलेली ‘१९३७ ची बुगाटी’ शेकडो ठिकाणी फिरते. ओळखायला पाच जागा पुरतात. चाकाच्या तारा मोजा, त्या मध्येच वितळून एकत्र होतात. बोनेटवरचं आणि मागचं नाव वाचा, अक्षरं अक्षरांसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. दाराची फट शेवटपर्यंत बोटाने गिरवा, ती कुठेतरी पत्र्यात विरते. बिजागर किंवा हँडल एकाच बाजूला असतं. आणि दोन्ही हेडलाइटच्या काचेवरची नक्षी वेगळी निघते. पोस्टरच्या बाबतीत ‘बाउहाउस १९२३’ (बाउहाउस ही जर्मनीतली डिझाइनची शाळा) असं छापलेली हल्लीची सजावटी प्रिंट हा जुना घोटाळा आहेच. या शाळेच्या १९२३ च्या वायमारमधल्या प्रदर्शनाचं खरं पोस्टर योस्ट श्मिटचं आहे. लाल-काळ्यातली ती तिरकी रचना एकदा नीट पाहिली की तीन रंगीत वर्तुळं आणि खाली ‘बाउहाउस’ एवढ्यावर फसायला होत नाही.

गाडीचा फोटो स्वतः काढताना

आपल्याकडच्या गाड्यांचे चांगले फोटो आयते कमीच मिळतात. त्यासाठी रॅली गाठावी लागते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅली होतात. झेंडा हलण्याआधीचा तास खरा कामाचा, कारण तेव्हा गाड्या एका रांगेत उभ्या असतात आणि मालक फडकं मारत असतात. सकाळी आठच्या आत किंवा ढगाळ हवेत. दुपारच्या उन्हात टप पांढरं जळतं आणि दाराखालचा भाग काळा पडतो, मधला सगळा आकार जातो.

मोबाइलची नेहमीची लेन्स जवळून वापरली की नाक फुगतं आणि मागचा भाग आकसतो. दुप्पट किंवा तिप्पट लेन्स लावा आणि सात-आठ मीटर मागे जा. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर, म्हणजे गुडघा टेकून. उभ्याने काढलेल्या फोटोत टपच जास्त दिसतं. क्रम असा ठेवावा: पुढचा पाऊण कोन, बरोबर बाजू, मागचा पाऊण कोन, मग बारकावे, म्हणजे बोनेटवरचं चिन्ह, नावाची अक्षरं, मागचा दिवा, डायल, दाराचं हँडल. बाजूचा फोटो दोन्ही चाकांच्या बरोबर मधोमध उभं राहूनच. क्रोमच्या बंपरमध्ये फोटो काढणारा दिसतोच, म्हणून लाल-पिवळा शर्ट घालून जाऊ नये; गडद राखाडी उत्तम.

पोलरायझर फिल्टरने रंगावरची आणि काचेवरची चमक मरते. पण बाजूच्या आणि मागच्या कडक केलेल्या काचेवर त्यामुळे डागांची जाळी दिसू लागते. काच तापवून झटकन थंड करताना तिच्यात ताण राहतो, तो पोलरायझरमधून दिसतो. पुढची काच दोन थर चिकटवलेली असेल तर तिच्यावर तसे डाग येत नाहीत. फिल्टर थोडा फिरवून मधली जागा शोधावी, नाहीतर काढून टाकावा.

गाडीची नोंद करताना मॉडेलबरोबर लोकांच्या तोंडचं नावही लिहावं. पन्नासच्या दशकातली फियाट ११०० मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणूनच ओळखली जाते. शोधणारा तेच शोधणार. तिच्या मागून आलेली ११०० डिलाइट म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाली. डुक्कर फियाटचं गोल नाक आणि पद्मिनीची कडा काढलेली शेपटी शेजारी ठेवली की एका दशकात गोलाई कशी सरळ होत गेली ते शब्दांशिवाय समजतं. नंबरप्लेटही माहिती देते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय २०२१ पासून आहे, आणि अशा नव्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ असतं.

दुरुस्त करून नव्याने रंगवलेल्या गाडीवरून मूळ रंग ठरवू नये. धातूची झाक असलेला लाल, रेक्झिनच्या नव्या सीटा, बाजारातून आणलेलं जास्तीचं क्रोम हे सगळं मालकाच्या हौसेचं असतं. रंगासाठी त्या काळाचं माहितीपत्रक पाहावं. प्रमाणासाठी मात्र माहितीपत्रकावर विश्वास नको. अमेरिकेत आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने १९५९ ते १९७१ पाँटियाकच्या जाहिराती रंगवल्या, त्यांत गाडी मुद्दाम रुंद आणि बसकी केलेली असते. ती चित्रं अप्रतिम आहेत, फक्त त्यांच्यावर ‘गाडी’ असा टॅग न लावता ‘जाहिरात’ असा लावावा.

कलादालनात फोटोला परवानगी आहे का ते आधी खिडकीवर विचारावं. असेल तर चार फोटो: समोरून पूर्ण चौकटीसह, शेजारची पाटी, एक तुकडा जवळून, आणि एक बाजूने तिरका, म्हणजे रंगाचा उंचसखलपणा दिसतो. पाटी पांढरीशुभ्र असेल तर ती दुहेरी कामाची; त्याच दिव्याखाली काढलेल्या तिच्या पांढऱ्यावरून नंतर चित्राचा पिवळेपणा काढता येतो.

छापील कागद स्कॅन करताना

मराठी अक्षररचनेचे नमुने हवे असतील तर स्कॅनरला पर्याय नाही. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं, कमल शेडग्यांनी नाटकांसाठी केलेली नावं यांच्या इंटरनेटवरच्या प्रती बहुतेक मोबाइलने वाकड्या काढलेल्या असतात. रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक अजून मिळतात.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल. मासिकाची छपाई साधारण इंचाला ठिपक्यांच्या १३३ ते १५० ओळींच्या जाळीवर असते, वर्तमानपत्राची ८५ च्या आसपास. ३०० वर स्कॅन केलं की ही जाळी आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांत अडकून लाटा उठतात. ६०० वर घेऊन, जाळी घालवणारा फिल्टर लावून, मग ३०० वर आणावं. काडेपेटीच्या लेबलासारखं चिमुकलं काही असेल तर १२००. ए-४ पान ६०० वर रंगीत घेतलं की न दाबलेली फाइल १०० एमबीच्या घरात जाते. मूळ टिफ बाहेरच्या डिस्कवर ठेवून रोजच्या वापराला जेपेग काढावी. पातळ कागदावर मागचा मजकूर उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवायचा. अनेकजण पांढरा ठेवतात, त्याने उलट जास्त उमटतं.

बारीक, हलके स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. त्यांना काचेपासून मिलिमीटरभर उचललेलंही नीट दिसत नाही, म्हणून बांधणीजवळचा भाग धूसर येतो. जाड अंकासाठी सीसीडी जातीचा जुना, वजनदार स्कॅनर बरा. जुन्या मुखपृष्ठांत एक रंग जरासा सरकलेला असतो, ओठांची लाली ओठांबाहेर जाते. ते ‘दुरुस्त’ करू नये, तीच त्या छपाईची सही आहे. आणि अशा स्कॅनवरून रंग उचलताना आयड्रॉपर एका पिक्सेलवर न ठेवता ११ गुणिले ११ च्या सरासरीवर ठेवावा, नाहीतर त्वचेच्या रंगाऐवजी नुसता किरमिजी ठिपका हातात येतो.

मूळ कात्रणं ठेवायची तर सेलोटेप नको; काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तेलकट डाग सोडते. पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे उन्हाळ्यात शाईला चिकटतात, पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल, आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं एकदा उघडून सावलीत वारं द्यायचं.

नाव, टॅग, बोर्ड

फाइलचं नाव वर्षाने सुरू करावं: १९७६-स्टेला-बीएमडब्ल्यू३०सीएसएल-डावीबाजू. वर्ष अंदाजे असेल तर त्याच्या मागोमाग ‘अं’. असं केलं की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतं आणि मजेशीर शेजार जमतात. देवनागरी नावं चालतात, पण फाइल्स झिप करून दुसऱ्याला पाठवल्यावर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन दिसू शकतात. रोमन लिपीत नाव आणि देवनागरीत टॅग ही तडजोड बरी.

टॅग शैलीचे नकोत. ‘मॉडर्न’, ‘रेट्रो’, ‘मिनिमल’ यांत काहीही बसतं. दिसणाऱ्या गोष्टीचे टॅग हवेत: जाळी, मोकळी जागा, तिरका कोन, सलग वक्र, ठिपके, एकच ठळक रंग, अक्षर मोठं चित्र लहान. तीस-चाळीसच्या वर जाऊ देऊ नयेत. कसोटी अशी: सहा महिन्यांनी एखाद्या टॅगखाली फक्त गाड्याच किंवा फक्त पोस्टरंच असतील तर तो टॅग विषयाचा आहे, दृष्टीचा नाही, मोडून टाका. ‘जाळी’खाली स्टेलाची गाडी, मॉन्ड्रियानची चौकटींची चित्रं आणि म्युलर-ब्रॉकमनची जाळीवर बेतलेली पोस्टरं एकत्र आली पाहिजेत.

ईगलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग लावणं सोपं जातं, पण ते त्याच्या स्वतःच्या लायब्ररीत राहतात; फाइल बाहेर काढली की टॅग मागे राहतात. डिजिकॅम किंवा अडोबी ब्रिज या सॉफ्टवेअरमधून कर्ता, स्रोत, हक्क आणि टॅग थेट फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत, म्हणजे चित्राच्या फाइलमध्येच राहणाऱ्या माहितीच्या जागेत, लिहावेत. डिजिकॅममध्ये ‘फाइलमध्ये लिही’ हा पर्याय चालू आहे का ते सेटिंगमध्ये तपासावं. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली ही सगळी माहिती पुसली जाते आणि चित्रही दाबलं जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की दोन्ही वाचतं.

बोर्डसाठी, म्हणजे एका कामाची चित्रं एकत्र मांडायला, प्युअररेफ हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एका बोर्डावर नऊ ते पंधरा चित्रं. वीसच्या पुढे डोळा काही धरत नाही. बोर्ड लावल्यावर तो एकदा कृष्णधवल करून पाहावा. रंगामुळे जवळची वाटणारी निम्मी चित्रं तिथे गळून पडतात. गाड्यांच्या बाजूच्या चित्रांवर चाकाचा व्यास हे माप धरून दोन चाकांच्या मध्ये किती चाकं बसतात, पुढच्या चाकापासून दारापर्यंत किती, काचेची उंची पत्र्याच्या उंचीच्या कितवा भाग, हे तीन आकडे लिहून ठेवावेत. नुसतं ‘रुबाबदार’ लिहिण्यापेक्षा हे बरं.

हक्कांचं एवढं पाहून ठेवावं: भारतात कलाकृतीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. कसाँद्र १९६८ मध्ये गेला, म्हणजे इथे २०२९ पासून तो मोकळा. फ्रान्समध्ये ७० वर्षं धरतात, तिथे आणखी दहा वर्षं थांबावं लागेल. गाडी कितीही जुनी असो, तिच्या फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याचा. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवायला कायदा आडवा येत नाही, पण तोच बोर्ड वेबसाइटवर टाकला किंवा विक्रीच्या पुस्तिकेत छापला की तो अभ्यास राहत नाही. क्लायंटला बोर्ड पाठवताना प्रत्येक चित्राखाली कर्ता, वर्ष आणि स्रोत सहा पॉइंटात का होईना लिहावा, आणि खाजगी गाडीचा फोटो असेल तर नंबरप्लेट झाकावी.